गडांबी कांद्याचे चित्र

पावसाळ्याच्या सुरुवातीस जमिनीतून एक जाड दांडा वर येतो आणि त्याच्या टोकाशी पांढऱ्या, सुगंधी फुलांचा चवरीसारखा फुलोरा उमलतो. प्रत्येक पाकळीच्या मधोमध तांबूस पट्टा असतो. हा गडांबी कांदा. त्याचे शास्त्रीय नाव क्रायनम लॅटिफोलियम. हे नाव स्वीडनच्या लिनियसने 1753 मध्ये दिले. पण लिनियस तर भारतात कधीच आला नव्हता! त्याला ही वनस्पती भेटली ती एका चित्रात.

ते चित्र ‘होर्टुस मलबारिकुस’ या ग्रंथातले. कोचीनचा डच अधिकारी व्हान ऱ्हीडे याने हा 12 खंडांचा ग्रंथ सिद्ध करविला आणि 1678 ते 1693 या काळात तो आम्सटरडॅमला छापून निघाला. वनस्पतींची माहिती पुरविणाऱ्यांत मलबारचे वैद्य इट्टी अच्युतन होते, तसेच रंगभट, विनायक पंडित आणि अप्पू भट हे तीन कोकणी वैद्यही होते. या तिघांचे 1675 मधले नागरी लिपीतील प्रमाणपत्र पहिल्या खंडात छापलेले आहे. आपला कांदा आहे 11 व्या खंडात. तो 1692 मध्ये निघाला, पण ऱ्हीडेला पाहता आला नाही. आदल्याच वर्षी सुरतेच्या वाटेवर जहाजावर त्याचा मृत्यू झाला होता.

या ग्रंथातली चित्रे तांब्याच्या पत्र्यावर कोरून काळ्या शाईने छापलेली. मग तांबूस पट्टा दिसणार कसा? तो नावात होता. गडांबी कांद्याचे तेथील नाव ‘शोवन्ना-पोला-ताळी’. मल्याळममध्ये चुवन्न म्हणजे तांबडा. त्याच खंडातला याचा भाऊबंद ‘बेलुत्ता-पोला-ताळी’, म्हणजे पांढरा. हा आपल्या बागांतला नागदवणा. त्याच्या पाकळ्या अरुंद असतात, तर गडांबीच्या रुंद.

कंदवर्गीय वनस्पतींत चित्राला इतके महत्त्व का, हे समजून घेण्यासारखे आहे. गवत किंवा तुळस कागदात दाबून सहज वाळवता येते. मांसल कंद मात्र वाळता वाळत नाही. कधी कधी दाबलेल्या कागदातच त्याला कोंब फुटतात. फुले काळी पडून चिकटतात, त्यामुळे परिदलांच्या नळीची लांबी किंवा पुंकेसरांचा बाक वाळक्या नमुन्यावरून नीट कळत नाही. चित्रकार मात्र ताजे फूल समोर ठेवून हे सारे टिपतो.

महाराष्ट्रातलाच एक दाखला पाहा. पुण्याच्या सायन्स कॉलेजातील प्राध्यापक वुड्रो यांनी महाबळेश्वरकडचे कंद इंग्लंडला क्यू उद्यानात पाठविले. त्यांवरून बेकर यांनी 1898 मध्ये ‘कर्टिस बोटॅनिकल मॅगझिन’मध्ये रंगीत चित्रासह नवी जाती प्रसिद्ध केली: क्रायनम वुड्रोई. त्यानंतर सुमारे शतकभर ती हरवल्यासारखीच होती. 2004 च्या सुमारास ती महाबळेश्वर परिसरात पुन्हा सापडल्याचे प्रसिद्ध झाले. इतक्या वर्षांनी सापडलेली वनस्पती तीच आहे, हे ठरविताना ताडून पाहायला जुने वर्णन आणि चित्र हाताशी होते.

धाराशिव जिल्ह्याच्या वनस्पतींची नोंद व्ही. एन. नाईक यांनी 1979 मध्ये ‘फ्लोरा ऑफ उस्मानाबाद’ या ग्रंथात केली. शिक्षकांनी तो मिळाल्यास जरूर चाळावा. बालाघाटच्या माळांवर फिरताना रानकांदा आढळला, तर त्याचे चित्र काढून पाहा. यात एक गंमत आहे. रानकांद्याचा फुलोरा उन्हाळ्यात, पाने नसताना येतो आणि पाने पावसाळ्यात. तेव्हा एकाच कागदावर दोन्ही हवी असतील तर त्याच जागी दोनदा जावे लागेल. पहिल्या वेळी दगडांची खूण करून ठेवा. कंद उपटू नका, माती थोडी बाजूला सारून पाहा आणि परत लोटा. शेजारी पट्टी ठेवून मापे लिहा. एक फूल उभे कापून किंजपुट पाकळ्यांच्या वर आहे की खाली ते रेखाटा. गडांबीत तो खाली असतो, रानकांद्यात वर. दोन्ही कंद विषारी आहेत, चव घेऊ नका आणि हात धुवा.