पाखरांना काय वाढावे?

खारघर, नेरूळ, उलवे, कामोठे येथे स्थिरावलेल्या आमच्या माजी विद्यार्थ्यांच्या घरी जाण्याचा योग येतो, तेव्हा गॅलरीच्या जाळीला टांगलेले पाखरांचे भांडे आता हटकून दिसते. अलीकडे त्या भांड्यात एका नव्या पदार्थाची भर पडू पाहत आहे. युरोपातील घरांच्या बागांतून टांगलेले असतात तसे चरबीचे गोळे सुटीत मुलांकडून करवून घ्यावेत काय, अशी पृच्छा काही पालकांनी केली. प्रश्न चांगला आहे. परंतु त्याला एका शब्दात उत्तर देणे इष्ट नाही, म्हणून हा पाठ.

प्रथम हा गोळा म्हणजे काय ते पाहू. गुरांच्या वा मेंढीच्या मूत्रपिंडाभोवती जमणारी टणक चरबी वितळवतात. एक भाग चरबीस दोन भाग कोरडे मिश्रण, म्हणजे ओट, सूर्यफुलाच्या बिया, शेंगदाण्याचा भरडा, घालून ते वाटीत किंवा करवंटीत थिजवतात. मीठ वर्ज्य असते. बाजारचे गोळे प्लास्टिकच्या जाळीत येतात. त्या जाळीत पाखरांचे पाय अडकत असल्याने ती काढूनच गोळा ठेवावा, असे तेथील पक्षिप्रेमी संस्था बजावतात.

हे खाद्य तेथे का लागते? ब्रिटनमध्ये ऐन हिवाळ्यात रात्र सुमारे सोळा तासांची असते, जमीन गोठलेली असते आणि किडे दिसेनासे होतात. तेथील टिट नावाचा पक्षी जेमतेम अकरा ग्रॅम वजनाचा. एका रात्रीत अंगातली चरबी जाळून तो कसाबसा ऊब टिकवतो. सकाळी त्याचे वजन घटलेले असते आणि छोट्याशा दिवसात ती तूट भरून काढावी लागते. एक ग्रॅम चरबीतून सुमारे ९ किलोकॅलरी ऊर्जा मिळते, पिष्टमय पदार्थातून ४. तेव्हा तो गोळा त्या पाखराला खरोखरच जीवदान ठरू शकतो. तरीही तेथे सारे सुरळीत आहे असे नाही. २००५ पासून ब्रिटनमध्ये एका परजीवीचा रोग दाणे-पाण्याच्या भांड्यांवरून फिंच पक्ष्यांत पसरला आणि हिरवा फिंच हा एके काळी बागोबाग दिसणारा पक्षी २०२१ मध्ये धोक्यात आलेल्यांच्या लाल यादीत गेला. न धुतलेले भांडे हे त्याचे एक कारण होय.

आता ठाणे खाडीच्या आपल्या काठावर या. येथे थंडीची रात्र फार तर पंखा बंद करायला लावते. खाटकाकडून बोकडाची चरबी आणून गोळा केला, तरी उन्हात तो मऊ पडतो, दमट हवेत लवकर खवट होतो. खोबरेल तेल घालावे म्हटले, तर ते २४ अंशांच्या पुढे पातळच होते. ओघळलेली चरबी पिसांना माखली की पिसांची पाणी अडवण्याची आणि ऊब राखण्याची शक्ती जाते. शिवाय तो गोळा खाणार कोण? कावळे, उंदीर आणि मुंग्या. शिंपी, दयाळ, नाचण हे किडे टिपणारे. शिंजीर मकरंद आणि कोळी खाणारा. तांबट वड-उंबराच्या फळांवर जगणारा. यांपैकी कोणीही आपल्या गोळ्याची वाट पाहत नाही. म्हणून आमचे उत्तर असे की, नवी मुंबईत हे गोळे करू नयेत.

मात्र घास देण्याची बुद्धी सोडू नये. अंगुत्तर निकायात वच्छगोत्ताच्या प्रश्नावर तथागतांनी दिलेले उत्तर आपल्या ग्रंथालयात अवश्य वाचावे. भांडे विसळलेले पाणी डबक्यात टाकतानाही तेथील जिवांना त्यावर जगता यावे असा विचार मनात असेल, तर तेही पुण्यप्रद, असा त्याचा आशय आहे. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात बाबासाहेबांनी करुणा माणसांपुरती आणि मैत्री सर्व प्राणिमात्रांपर्यंत, असा भेद केला; आणि त्याच ग्रंथात प्रज्ञेचा आग्रहही धरला. मैत्रीला प्रज्ञेची जोड म्हणजे, प्रस्तुत विषयात, ज्याला वाढायचे त्याची भूक ओळखणे. सम्राट अशोकाच्या दुसऱ्या स्तंभलेखात द्विपाद, चतुष्पाद, पक्षी आणि जलचर यांच्यावर केलेल्या अनुग्रहाचा उल्लेख आहे. सातव्या स्तंभलेखात त्याने जी कामे नोंदवली ती वडाची झाडे, आमराया, विहिरी आणि पाणपोया अशी आहेत, माणसे व पशू या दोहोंसाठी. वडाखाली सावली माणसाला मिळते. वरची फळे पाखरे खातात, हे आम्ही आमच्या पदरचे जोडतो.

हेतू शुद्ध असूनही दान बाधते याची उदाहरणे दूर शोधायला नकोत. जुलै २०२५ मध्ये मुंबईतील ५१ कबुतरखाने बंद करण्याची भूमिका राज्य शासनाने विधान परिषदेत मांडली. दादरच्या कबुतरखान्यावर ताडपत्री चढली, लोक रस्त्यावर आले, प्रकरण उच्च न्यायालयात गेले. ज्या बांधवांच्या धर्मात जीवदयेचे स्थान फार उंच आहे, त्यांच्या भावनेचा आम्ही अनादर करीत नाही. परंतु कबुतर मूळचे कडेकपारींत राहणारे. उंच इमारती त्याला कडेच वाटतात, आणि आयते धान्य मिळाले की ते वर्षभर पिले काढते. त्याची वाळलेली विष्ठा आणि पिसांची धूळ श्वासावाटे जाऊन काहींना फुप्फुसांचा गंभीर आजार जडतो. खिडकीत मूठभर ज्वारी टाकणारा आपल्या शेजारच्या दमेकऱ्याचे दार झाकून घेत नाही, एवढे लक्षात ठेवले तरी पुरे.

दुसरे उदाहरण खाडीचे. हिवाळ्यात लडाख, तिबेट, मध्य आशिया इकडून कुरव येतात आणि हौशी मंडळी नावेतून त्यांना गाठ्या, फरसाण फेकतात. छायाचित्र उत्तम येते. कुरवाला खाऱ्या पाण्याची सवय असते, म्हणून प्रश्न मिठाचा नसून मासे-किडे यांच्या जागी पोटात जाणाऱ्या तळलेल्या बेसनाचा आहे. त्याच खाडीतल्या रोहित पक्ष्याला मात्र कोणी हाताने भरवू शकत नाही. लहान रोहित निळे-हिरवे शेवाळ गाळून खातो. त्याचे ताट म्हणजे चिखल. ठाणे खाडीच्या एका भागाला २०१५ मध्ये अभयारण्याचा आणि २०२२ मध्ये रामसर स्थळाचा दर्जा मिळाला, तो या ताटाच्या रक्षणासाठी. भरतीचे पाणी तळ्यात येण्याच्या वाटा भरावाने बुजल्या की रोहिताची पंगत उठलीच समजा.

तिसरे उदाहरण आम्हांला अधिक जवळचे वाटते. पांढऱ्या पाठीची गिधाडे भारतात १९९२ ते २००७ या काळात शेकडा ९९ पेक्षा अधिक घटली. गुरांना दुखण्यावर दिलेले डायक्लोफेनॅक मेलेल्या जनावराच्या मांसातून गिधाडांच्या पोटात जाई आणि त्यांची मूत्रपिंडे निकामी करी. २००६ मध्ये गुरांसाठी त्याच्या उत्पादनावर बंदी आली. आपल्या शेजारच्या रायगड जिल्ह्यात फणसाड अभयारण्यात आणि म्हसळा तालुक्यातील चिरगावच्या परिसरात गिधाडांना मृत गुरे पुरवण्याचे प्रयत्न झाले. मांस औषधमुक्त आहे ना, हे पाहणे त्यात सर्वांत महत्त्वाचे. पाखरांना चरबी-मांस वाढण्याचे महाराष्ट्रातील समर्थनीय उदाहरण म्हणून आम्ही याच कामाकडे बोट दाखवू. पण येथे क्षणभर थांबले पाहिजे. मेलेले ढोर ओढणे ज्यांच्यावर जातीने लादले होते, त्या घरांतून आमच्यापैकी बहुतेक जण आले आहेत. त्याच रायगड जिल्ह्यात, तेव्हाच्या कुलाब्यात, महाडला मार्च १९२७ मध्ये बाबासाहेबांनी मृत मांस सोडण्याचे आवाहन केले आणि आमच्या आजा-पणजांनी पोटाला चिमटा घेऊन ते पाळले. गिधाडाला घास मिळालाच पाहिजे. परंतु तो पोचवण्याचे काम पगारी असावे, त्यासाठी गाडी व हातमोजे असावेत आणि ते कोणत्याही एका वस्तीच्या गळ्यात पडू नये. निसर्गरक्षणाच्या उत्साहात ही अट विसरली जाऊ नये, असे आम्हांला निक्षून सांगावेसे वाटते.

मग आपल्या गॅलरीत काय वाढावे? सर्वप्रथम पाणी. मातीची पसरट परळ घ्यावी, दोन इंचांहून खोल नको, मध्ये एखादा दगड ठेवावा. पाणी रोज बदलावे, भांडे घासावे, अन्यथा डासांची पैदास होते. धान्य द्यायचेच तर चिमण्या येत असतील तेथे बाजरी किंवा तांदळाची कणी, तीही दोन चिमटी. कबुतरे जमू लागली की लगेच बंद. चिमणीची पिले पहिले काही दिवस किड्यांवर वाढतात हेही ध्यानात असू द्यावे. कुंडीतल्या झाडांवर कीटकनाशक मारून शेजारी बाजरी ठेवण्यात अर्थ नाही. बुलबुलासाठी पिकलेल्या केळ्याचा वा पपईचा तुकडा चालेल. पाव, शेव, फोडणीचा भात नको. वसतिगृहात उरलेली खिचडी खतासाठी जाते, गच्चीवर नाही. आणि जेथे जमीन आहे तेथे उंबर, पांगारा, काटेसावर लावावी. उंबराचे एक झाड जितक्या पाखरांना जेवू घालते, तितक्यांना आपले भांडे कधीच पुरणार नाही.

विद्यार्थ्यांसाठी स्वाध्याय: माघ-फाल्गुनात काटेसावर फुलली की सकाळी सात वाजता तिच्याखाली अर्धा तास बसावे. कोण आले, काय खाल्ले, कोठून टिपले, एवढेच लिहावे. नाव ठाऊक नसेल तर रंग व चोच काढावी. बुद्धपौर्णिमेच्या सुमारास, उकाडा टिपेला असताना, हीच नोंद पाण्याच्या परळीपाशी करावी. वह्या ग्रंथपालांकडे द्याव्यात. पुढच्या तुकडीला त्यांवरूनच पाठ दिला जाईल.