मुलांच्या शेजारी बसून बघावेत असे चार माहितीपट



मुलांनी मोबाइल किती वेळ बघावा, यावर आपण घरोघरी वाद घालतो. ती काय बघतात आणि कुणाबरोबर बघतात, हे विचारायचं मात्र राहूनच जातं. म्हणून आज तुम्हाला चार माहितीपट सुचवते. माहितीपट म्हणजे अभ्यासाचाच एक प्रकार, ही समजूत जरा बाजूला ठेवा. ‘राजा हरिश्चंद्र’ या चित्रपटाच्या आधी दादासाहेब फाळक्यांनी वाटाण्याचं रोप कसं वाढतं, ते कॅमेऱ्याने थोडं थोडं टिपून पडद्यावर दाखवलं होतं. एखादी गोष्ट मन लावून बघत राहण्याची ही गोडी मुलांना उपजत असते. ती टिकवणं आपल्या हातात आहे.

घरात पहिली-दुसरीतलं मूल असेल तर बर्ट हान्स्ट्रा या डच दिग्दर्शकाच्या ‘ग्लास’पासून सुरुवात करा. १९५८ सालचा हा माहितीपट जेमतेम दहा मिनिटांचा आहे आणि त्यात निवेदन नाही, त्यामुळे भाषेची अडचण येत नाही. काच फुंकणारे कारागीर गाल फुगवून नळीत हवा भरतात आणि तापलेला गोळा त्यांच्या हातात आकार घेतो. मग यंत्र येतं. एक फुटकी बाटली पट्ट्यावर अडकते, मागच्या बाटल्या तिच्यावर आदळून फुटत राहतात आणि शेवटी माणसालाच धावून यावं लागतं. इथे मुलं खळखळून हसतात. माणूस आणि यंत्र यांच्यातला फरक त्यांना समजावून सांगावा लागत नाही.

तिसरी-चौथीच्या मुलांसाठी कार्तिकी गोन्साल्विस यांचा ‘द एलिफंट व्हिस्परर्स’ आहे. २०२३ मध्ये त्याला ऑस्कर मिळालं. तमिळनाडूतल्या मुदुमलाईच्या जंगलात बोम्मन आणि बेल्ली हे आदिवासी जोडपं रघू नावाचं हत्तीचं पोरकं पिल्लू वाढवतं. त्याची आई विजेच्या धक्क्याने गेलेली, शेपटी कुत्र्यांनी चावलेली. बेल्ली त्याला बाटलीने दूध पाजते, पोटच्या लेकराशी बोलावं तशी त्याच्याशी बोलते. पुढे वनखातं रघूला दुसऱ्यांच्या हाती सोपवतं. तेव्हा तुमचं मूल रडलं तर रडू द्या. ‘अरे, पिक्चरच आहे’ असं म्हणून त्याचं रडू उडवून लावू नका. दुसऱ्याच्या दुःखाने डोळे भरून येणं ही मोठी कमाई आहे.

पाचवी ते सातवीच्या मुलांना सत्यजित राय यांचा ‘द इनर आय’ दाखवा. १९७२ चा, वीसेक मिनिटांचा. शांतिनिकेतनचे चित्रकार विनोदबिहारी मुखर्जी हे राय यांचे गुरू. त्यांची दृष्टी लहानपणापासूनच अधू होती आणि पन्नाशी उलटल्यावर ती पूर्ण गेली. तरी त्यांचं काम थांबलं नाही. बोटांनी आकार चाचपत ते नव्या कलाकृती घडवत राहिले. राय कुठेही त्यांची कीव करत नाहीत. चित्रकलेच्या तासाला ‘मला नाही जमत’ म्हणणाऱ्या मुलाशी हा माहितीपट फार आपुलकीने बोलतो.

आठवीच्या पुढच्या मुलांसाठी शौनक सेन यांचा ‘ऑल दॅट ब्रीद्स’. दिल्लीच्या विषारी हवेत आकाशातून कोसळणाऱ्या घारींवर नदीम आणि सौद हे दोन भाऊ घराच्या तळघरात उपचार करतात. त्याच तळघरात त्यांचा साबणाच्या डिस्पेन्सरचा धंदाही चालतो. पक्ष्यांच्या एका रुग्णालयाने घार मांसाहारी म्हणून तिला नाकारलं होतं. तिथून या दोघांचं काम सुरू झालं. शहरातला धार्मिक तणावही यात दिसतो. त्यावर मुलं प्रश्न विचारतील. उत्तरं टाळू नका, जेवढं ठाऊक आहे तेवढं खरं सांगा.

आता कळकळीची एक विनंती. माहितीपट संपल्या संपल्या ‘काय शिकलास?’ असं विचारू नका. त्या एका प्रश्नाने घराचा वर्ग होतो आणि मूल पुढच्या वेळी बसायला कुरकुरतं. त्यापेक्षा तुम्हाला काय आवडलं, कुठे गलबललं, ते तुम्हीच आधी बोला. मूल आपणहून बोलू लागेल. कधी त्याच रात्री, कधी आठवड्याने. हे सगळं मोठ्या मुलाच्या जोडीने धाकट्यालाही दाखवण्याचा मोह होईल, तोही टाळा. प्रत्येक माहितीपट आधी स्वतः बघा, मग आपल्या मुलाचा स्वभाव पाहून ठरवा.

येत्या रविवारी सुरुवात करा. आपला मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवा आणि शेवटपर्यंत मुलाच्या शेजारून उठू नका.