वर्ग सोडण्याआधी

पुणे

चि. मधुरा,



शाळा सोडून शैक्षणिक तंत्रज्ञानाच्या कंपनीत जाण्याचा विचार पक्का होत आलाय, पण 'आत्या, मला तंत्रज्ञानातलं काही येत नाही' ही भीती तुला खाते आहे, असं तू लिहिलंस. आधी वर्ग आणि मग शैक्षणिक तंत्रज्ञान, यातच माझं आयुष्य गेलं. म्हणून सांगते, तुझी भीती चुकीच्या जागी आहे. जिओजेब्रासारखं गणिताचं सॉफ्टवेअर तू सुट्टीत शिकशील. एचफाइव्हपीसारख्या साधनावर प्रश्नसंच बांधायला त्याहूनही कमी वेळ लागतो. त्या ऑफिसात ज्याची खरी चणचण असते, ते तुझ्याकडे आत्ताच आहे.

तुझ्या तिसरीच्या वर्गातलंच उदाहरण घे. ४२ वजा १७. गणिताचा चांगला पदवीधर याला चुकीचे पर्याय देताना २५ च्या आसपासचे २४, २६, २७ लिहून मोकळा होतो. तुला ठाऊक आहे की मुलं ३५ लिहितात. तेव्हा ३५ हा पर्याय हवाच. पण आणखी थोडी थांब. एक मूल एककात मोठ्यातून लहान वजा करतं, सातातून दोन, आणि दशकात चारातून एक, उत्तर ३५. दुसरं मूल दशक नीट सुटा करतं, बारातून सात काढतं, पण चाराचे तीन करायला विसरतं. त्याचंही उत्तर ३५. एकाला स्थानिक किंमतच कळलेली नाही, दुसऱ्याला ती कळली आहे, फक्त शेवटची पायरी सुटते. संगणकाला दोघं सारखीच दिसतात आणि तो दोघांना एकच व्हिडिओ दाखवतो. आता ४२ ऐवजी ४३ घे. पहिलं मूल ३४ म्हणेल, दुसरं ३६. एक अंक बदलला आणि दोन मुलं वेगळी दिसू लागली. हा बदल सुचायला शेकडो वह्या तपासलेल्या असाव्या लागतात. या क्षेत्रातलं सगळ्यात मोलाचं काम हेच आहे, असं माझं ठाम मत आहे.

नुसत्या यंत्राने काय होतं, तेही पाहून झालं आहे. पेरू देशाने शाळकरी मुलांना लाखो लॅपटॉप वाटले. ३१९ ग्रामीण शाळांचा अभ्यास झाला, २०१२ मध्ये त्याचा अहवाल आला. संगणकांची संख्या भरपूर वाढली होती, पण गणित आणि भाषेच्या गुणांत काही फरक सापडला नाही. दिल्लीत मात्र वेगळं घडलं. माइंडस्पार्क या संगणकीय कार्यक्रमाच्या केंद्रांवर मुलं शाळेबाहेरच्या वेळेत जात, रोज दीड तास. निम्मा वेळ संगणकावर आणि निम्मा छोट्या गटात माणसाकडून शिकायचं. साडेचार महिन्यांत गणितात आणि हिंदीत चांगली प्रगती दिसली. कारण त्या मुलांमधली बरीचशी आपल्या इयत्तेच्या कितीतरी मागे होती, आणि कार्यक्रम त्यांना सहावीचं-सातवीचं पुस्तक न दाखवता ती जिथे अडली होती तिथून शिकवत होता. मूल नेमकं कुठे अडलंय, हे सांगणारे प्रश्न आधी कुणीतरी विचारपूर्वक लिहिलेले असतात, तेव्हाच हे जमतं. तो 'कुणीतरी' तू व्हावंस.

म्हणून नोकरीचं नाव पाहू नकोस, दिवसभर काय करायचंय ते विचार. प्रश्नपेढीचं काम, पाठाचा आराखडा नि स्टोरीबोर्ड लिहिणं, शिक्षकांचं प्रशिक्षण, शाळांमध्ये जाऊन साधनांचा वापर बसवून देणं, ही सगळी शिक्षकाला शोभणारी कामं आहेत. 'अकॅडमिक काउन्सेलर' असं गोंडस नाव असेल तर मात्र सावध राहा. माझ्या ओळखीच्या एका उत्तम शिक्षिकेला याच नावाखाली घेतलं आणि दिवसभर पालकांना फोन करून कोर्स विकायला लावले. महिन्याचं टार्गेट, ते चुकलं की सगळ्यांसमोर पाणउतारा. मुलगा मागे पडेल अशी भीती घालून हप्त्यावर कोर्स गळ्यात मारायचा, हे शिक्षकाने करू नये. पगार दुप्पट असला तरी करू नये.

कंपनी किती मोठी, यावरही भिस्त ठेवू नकोस. २०२२ मध्ये बायजूज या कंपनीचं मूल्य २२ अब्ज डॉलर धरलं जात होतं. २०२४ मध्ये तीच दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. सरकारी छत्रही कायम टिकतंच असं नाही. १९८४ साली पुण्यात सुरू झालेल्या बालचित्रवाणीने शाळकरी मुलांसाठी केवढे टीव्ही कार्यक्रम केले, पण अखेर तीही बंद पडली. संस्था जातात, तुझ्या हाताला लागलेलं कसब तुझ्याबरोबर पुढच्या ठिकाणी येतं. ते वाढेल असं काम निवड.

आता राजीनाम्याचं. शिक्षणसेवकाची तीन वर्षं काढून तू कायम झालीस. एकदा बाहेर पडलीस की परतीची वाट पुन्हा अभियोग्यता चाचणीतून आणि शिक्षकभरतीच्या पवित्र पोर्टलवरून जाते, शिवाय वयोमर्यादा आहेच. तुझा बाबा चिडलाय तो यासाठी, आणि त्याचं म्हणणं उडवून लावू नकोस. आधी असाधारण रजा मिळते का, तिचे नियम काय, हे गटशिक्षणाधिकारी कार्यालयात जाऊन विचार. लेखी उत्तर घे.

तोवर हे वर्ष वाया घालवू नकोस. वजाबाकी नाहीतर अपूर्णांक, एकच घटक घे. मुलांच्या वह्यांतल्या चुकांचे फोटो काढ, नावं झाक. कुठली चूक कशातून येते ते प्रत्येकीखाली दोन ओळींत लिही. त्यावरून वीसेक प्रश्नांचा संच कर, वर्गात वापर, नीट न चाललेले प्रश्न बदल, आणि का बदलले तेही लिहून ठेव. मुलाखतीला जाशील तेव्हा प्रमाणपत्रांच्या फायलीआधी हे टेबलावर ठेव. हा संच करताना तुला कदाचित असंही वाटेल की वर्गात राहूनच हे करावं. रणजितसिंह डिसले परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत शिकवत असतानाच पाठ्यपुस्तकांत क्यूआर कोड घालून धड्यांना आवाज आणि चित्रं जोडत गेले. २०२० चं ग्लोबल टीचर प्राइझ त्यांना मिळालं ते शाळेतला शिक्षक म्हणूनच. आणि संशोधनाकडे ओढ वाटलीच, तर मानखुर्दचं होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे, आयआयटी मुंबईत शैक्षणिक तंत्रज्ञानावर काम चालतं. यातलं काहीही निवडलंस तरी मला आनंदच आहे.

गेलीसच कंपनीत, तर एका गोष्टीवर अडून बस. महिन्यातून निदान एकदा शाळेत जाऊन मुलांच्या शेजारी बसायची मुभा पहिल्याच बोलण्यात मागून घे. काचेच्या ऑफिसातून कळत नाही की घरात एकच फोन आहे, तो वडिलांबरोबर कामावर जातो, रात्री नऊला मुलाच्या हाती येतो तेव्हा त्यात जेमतेम चार्जिंग उरलेलं असतं आणि दिवसाचा डेटा संपलेला असतो. तिथे बारा मिनिटांचा झकपक व्हिडिओ उघडतसुद्धा नाही. पंचवीस ऐकून, आधी पाच ऐकू येतात म्हणून, ५२ लिहिणारं मूलही तिथे कुणाला माहीत नसतं, कारण मजकूर इंग्रजीत तयार होऊन मराठीत येतो. बैठकीत तू एकटीच हे बोलशील, पुष्कळदा तुझं कुणी ऐकणार नाही, तरी बोलत राहा. लोक म्हणतील डेटा दाखवा. त्यासाठीच शाळेत जायचं, वही उघडून त्यांच्यापुढे ठेवायची.

पगार ठरवताना वर्गातली वर्षं 'अनुभव' म्हणून मोजायला लाव. 'फ्रेशर' म्हणून घेत असतील तर त्यांना तू का हवी आहेस, हेच त्यांना कळलेलं नाही. तिथे जाऊ नकोस.

वजाबाकीचा संच झाला की मला पाठव. मी तपासून, शेरे लिहून परत पाठवीन.

तुझी,
आत्या