अत्याचाराची तक्रार : कुठे जाल, काय लागेल, खर्च किती?

तुमच्यावर किंवा घरातल्या कुणावर लैंगिक अत्याचार झाला असेल, तर आधी हे लक्षात घ्या : तक्रार, तपासणी, उपचार आणि सरकारी वकील, सगळं मोफत आहे. कुणी पैसे मागितले तर देऊ नका.

तक्रार : कुठल्याही ठाण्यात करता येते. घटना साकोलीची आणि तुम्ही तुमसरला असाल, तरी तुमसरच्या ठाण्यातच शून्य क्रमांकाने गुन्हा नोंदवावा लागतो. जबाब महिला अधिकाऱ्यानेच घ्यायचा असतो. आधार कार्ड नाही म्हणून परत पाठवता येत नाही. एफआयआरची प्रत मोफत असते, ती घेतल्याशिवाय उठू नका. ठाणेदार टाळत असेल, तर पोलिस अधीक्षकांना टपालाने लेखी तक्रार पाठवा. तिथेही दाद नाही मिळाली तर न्यायदंडाधिकारी. नोंद न करणाऱ्या पोलिसाला सहा महिने ते दोन वर्षे सक्तमजुरीची तरतूद आहे. ऑगस्ट २०२२ मधल्या भंडारा-गोंदियातल्या सामूहिक बलात्कार प्रकरणात हलगर्जीबद्दल दोन पोलिस निलंबित झाले होते.

दवाखाना : आधी पोलिसांकडे जाण्याची अट नाही. सरकारी असो वा खासगी, उपचार नाकारता येत नाहीत. शक्य तितक्या लवकर जा. अंगावरचे कपडे न धुता कागदी पिशवीत न्या. आंघोळ झाली असली तरी जा. गर्भधारणा आणि एचआयव्ही टाळण्याची औषधं लवकरात लवकर, एचआयव्हीची तर ७२ तासांच्या आतच, सुरू व्हावी लागतात. तपासणी तुमच्या संमतीनेच होते. ‘दोन बोटांची चाचणी’ सर्वोच्च न्यायालयाने बंद केली आहे. कुणी करू लागलं तर नकार द्या.

छुपा खर्च : ‘टायपिंगचे’, ‘गाडीच्या डिझेलचे’, ‘रिपोर्ट लवकर काढायचे’ अशा नावांनी पैसे मागितले जातात. यातलं काहीही देणं लागत नाही. साक्षीसाठी येण्याजाण्याचा भत्ता न्यायालयाकडे मागता येतो. स्वतःचा वकील हवा असेल, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण तो मोफत देतं. महिलांना उत्पन्नाची अट नाही.

भरपाई : ‘मनोधैर्य’ योजनेत दहा लाखांपर्यंत मदत मिळते. अर्ज जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडेच करा. एफआयआर, वैद्यकीय अहवाल आणि बँक पासबुकाच्या प्रती जवळ ठेवा. दलालाची गरज नाही.

मदत : तातडीसाठी ११२, महिलांसाठी १८१, मुलांसाठी १०९८, कायदेशीर सल्ल्यासाठी १५१००.

गावातल्या बैठकीत ‘मिटवून टाका’ म्हणतील. बलात्काराच्या गुन्ह्यात तडजोडीला कायद्यात जागा नाही. कोऱ्या कागदावर सही करू नका, आणि एकट्या जाऊ नका.