वाकडं पातं, सरळ गणित

वाकड्या पात्याच्या फोल्डिंग चाकूचं माझं वेड होस्टेलवर चेष्टेचा विषय आहे. पहिला घेतला तो म्हशाच्या जत्रेत. सुतळी, वायरचं कव्हर, पार्सलची पट्टी, सगळं त्यानेच कापायचो.

त्याचा थोरला भाऊ म्हणजे आमच्या मुरबाडकडचा विळा. सरळ सुरीने भाताची धाटं ओढून बघा. पात्याचा कल घर्षणकोनापेक्षा वाढला की धाटं टोकाकडे घसरून सुटतात. बाकदार पात्यात ती पोटाशी येऊन अडकतात, पळायला वाटच नाही! मग मनगट वळवलं की धार दाबतेही आणि सरकतेही. सरकत्या धारेला जोर कमी लागतो (टोमॅटो चिरणाऱ्या आईला हे मेकॅनिक्स न शिकताच माहीत आहे). दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाच्या 'वैभव' विळ्याला तर दातेही आहेत. त्याने भात जमिनीलगत कापता येतो, म्हणून धसकटात खोडकिड्याच्या अळ्या कमी उरतात.

फोल्डिंगमध्ये मात्र एक गोम आहे. धारेवर ओढ आली तर पातं उघडायच्या बाजूला रेटलं जातं, म्हणून ओढून कापताना भीती नाही. पण पाठीवर जोर आला की ते मिटतं. गेल्या दिवाळीत बांबूच्या चिरेत रुतलेलं पातं मी उलटं हिसकलं, तर्जनीला तीन टाके!

आजा एवढंच म्हणाला, "पोरा, इळा कदी मिटतो का रं?"

आता लॉकवाला घेतलाय. कापणीला मात्र आजा अजून विळाच हातात देतो.