बाळाचे नाव काय ठेवता?



स्नानसंस्काराच्या विधीत धर्मगुरू आईवडिलांना पहिला प्रश्न विचारतात तो बाळाच्या नावाचा. क्रुसाची खूण, पाणी, तेल, मेणबत्ती हे सारे त्यानंतर. उत्तर एका शब्दाचे असते, म्हणून ते आपण चटकन देऊन मोकळे होतो. आम्ही पुढे अर्थ विचारला की आईवडील एकमेकांकडे पाहतात. "फादर, इंटरनेटवर चांगला दिला होता" असे उत्तर येते. काही नावे तर आईचे पहिले अक्षर आणि वडिलांचे शेवटचे अक्षर जोडून केलेली असतात. ऐकायला गोड, पण बाळाला त्यातून सांगायचे काय?

नाव संताचेच हवे का, असे बुजुर्ग मंडळी विचारतात. 1917 च्या धर्मसभेच्या कायद्यात तशी अपेक्षा होती. आईवडिलांनी ऐकले नाही तर धर्मगुरूंनी स्वतः एका संताचे नाव जोडून दोन्ही नावे नोंदवहीत लिहावीत, असे त्यात होते. 1983 च्या कायद्यातील कलम 855 एवढेच सांगते की, नाव ख्रिस्ती भावनेला परके नसावे आणि ही काळजी आईवडील, धर्ममातापिता व धर्मगुरू यांनी घ्यावी. तेव्हा आनंद, ज्योती, करुणा ही नावे आम्ही आनंदाने लिहून घेतो.

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना नाव आणि अर्थ यांवर आम्ही पुष्कळ वाद घातले. शब्दकोशातला अर्थ एक, आणि ते नाव वागवणाऱ्या माणसाने त्यात भरलेला अर्थ दुसरा. मार्टिन हे नाव मार्स या रोमन युद्धदेवतेवरून आले. इसिदोर म्हणजे इसिस या मिसरी देवीची देणगी! तरीही मार्टिन म्हटले की आपल्याला युद्ध आठवत नाही. थंडीत कुडकुडणाऱ्या भिकाऱ्याला आपला अर्धा झगा कापून देणारा शिपाई आठवतो.

आपल्याच देशातले उदाहरण घ्या. त्रावणकोरच्या राजदरबारी नोकरी करणाऱ्या नीलकंठ पिल्लै यांचा स्नानसंस्कार 1745 मध्ये झाला. त्यांना नाव मिळाले लाझरस, पण तमिळ रूपात: देवसहायम. लाझरसचा मूळ हिब्रू अर्थही तोच, देव साहाय्य करतो. पुढे छळ, तुरुंगवास आणि 1752 मध्ये गोळ्या घालून मृत्यू. 15 मे 2022 रोजी पोप फ्रान्सिस यांनी त्यांना संतपद दिले, तेही देवसहायम या नावाने. नाव देशी असले की श्रद्धा पातळ होते असे मानणाऱ्यांनी यावर विचार करावा.

दुसरीकडे, आपल्या वसईत जन्मलेल्या आणि 1597 मध्ये नागासाकी येथे क्रुसावर प्राण देणाऱ्या संत गोन्सालो गार्सिया यांचे नाव आज किती घरांत ठेवले जाते? 'जुनाट वाटते' म्हणून आपण ते टाकून दिले. पास्कू, दुमिंग ही नावेही तशीच मागे पडली. एकात पुनरुत्थानाचा सण आहे, दुसऱ्यात प्रभूचा वार.

नातेवाइकांची नाराजी होईल, ही भीती नेहमीचीच. लूकच्या पहिल्या अध्यायात शेजारीपाजारी बाळाला जखऱ्या म्हणायला निघाले होते. अलिशिबा नाही म्हणाली, तर तिला ऐकवले की तुमच्या नात्यात या नावाचा कोणीच नाही. शेवटी मुक्या झालेल्या बापाने पाटीवर लिहिले: योहान. नवराबायकोचे आधी ठरलेले असले की असे जमते.

एक व्यवहाराची गोष्ट. जन्मदाखल्यात एक नाव आणि स्नानसंस्काराच्या नोंदवहीत दुसरे, यामुळे लग्नाच्या किंवा पासपोर्टच्या वेळी फार धावपळ होते. स्पेलिंगही तेच असावे. म्हणून नोंदणीसाठी येताना जन्मदाखल्याची प्रत बरोबर आणावी आणि शक्य तर दोघांनीही यावे.