ठासणीच्या बंदुका जमवणाऱ्या पुतण्यास

बाळा, बंदूक घेतलीस, फोटो पाठवलास आणि खाली विचारलंस, "काका, कशाने पॉलिश करू?" म्हणून हे तातडीने लिहितोय. तुझा उत्साह मला मनापासून आवडतो. ती पॉलिशची डबी तेवढी आईच्या ताब्यात दे.

१. घरात आलेली प्रत्येक ठासणीची बंदूक भरलेलीच आहे असं धरून चाल — कोरडी राहिलेली काळी दारू शंभर वर्षांनीही पेट घेते. १८६३ साली अमेरिकेतल्या गेटिसबर्गच्या रणांगणावरून गोळा केलेल्या २७ हजारांवर बंदुकांपैकी सुमारे २४ हजार भरलेल्या निघाल्या, कित्येकांत तर एकावर एक बार ठासलेले.

२. तपासायची रीत सोपी आहे. आपलं तोंड बाजूला ठेवून नळीत लाकडी काठी हलकेच तळापर्यंत सोड, नळीच्या तोंडाशी पेन्सिलीची खूण कर आणि तीच काठी बाहेरून नळीला लावून बघ — टोक रंजकाच्या छिद्राच्या चार बोटं अलीकडेच राहिलं, तर आत काहीतरी बसलंय. मग उकरायचं नाही, परवानाधारक कारागिराला गाठायचं.

३. "शंभर वर्षं जुनी, परवाना कशाला?" हे दुकानदाराचं वाक्य कानाआड कर — १९५९ च्या शस्त्र कायद्यातली सूट दुरुस्त करूनही उडणार नाही अशा जुन्या हत्याराला आहे, नुसत्या वयाला नाही. पैसे देण्याआधी जिल्हाधिकारी किंवा पोलीस आयुक्तांच्या कार्यालयात लेखी विचार.

४. परदेशातल्या मामाला भेट म्हणून पाठवायचं मनातही आणू नकोस — शंभर वर्षांवरची पुराणवस्तू खासगी माणसाने देशाबाहेर नेण्याला १९७२ च्या कायद्याने बंदी आहे.

५. आधी वाच, मग हात लाव. चाप-घोड्याच्या पट्टीवर चार भागांचा बदाम आणि त्यात कंपनीची आद्याक्षरं दिसली, किंवा पुढच्या पायांत मुकुट धरून उभा राहिलेला सिंह दिसला, तर ती ईस्ट इंडिया कंपनीची — हे ठसे उथळ असतात, एका दुपारच्या घासाघाशीत पुसले जातात. गंज चढायला वर्षं लागतात, इतिहास उतरायला एक दुपार पुरते.

६. मोजपट्टी नेहमी खिशात ठेव. इंग्रजांच्या गारेच्या ठिणगीवर उडणाऱ्या 'ब्राऊन बेस' बंदुकीची नळी आधी ४६ इंच होती, मग ४२ झाली. कंपनीने हिंदुस्थानासाठी ३९ इंचांची बनवून घेतली आणि १७९० च्या दशकात फ्रान्सशी युद्ध पेटल्यावर इंग्लंडच्या सरकारनेच ती उचलली, म्हणून ती 'इंडिया पॅटर्न' — लांबीवरून पिढी कळते. मात्र तोंड कापलेलं नाही ना, तेही पाहा.

७. नळीत टॉर्च मार. बाहेरून १८५३ ची एन्फिल्ड आणि आतून गुळगुळीत असेल तर खोटी म्हणून फेकू नकोस — १८५७ च्या उठावानंतर देशी शिपायांच्या हाती मुद्दाम आटे नसलेल्या नळ्या दिल्या गेल्या, म्हणजे त्यांना लांबवर नेम साधता येऊ नये. सरकारचा शिपायांवरचा अविश्वास त्या नळीत बोट घालून चाचपता येतो. मला तरी अशी बंदूक आटेवाल्या एन्फिल्डपेक्षा मोलाची वाटते.

८. स्फोटक टोपीवर उडणाऱ्या बंदुकीची पट्टी तिरप्या उजेडात धर — बुजवलेली भोकं दिसली तर ती मुळात गारेची होती आणि पुढे बदलून घेतलेली आहे. हा दोष नव्हे, तिच्या नोकरीची नोंद आहे.

९. कंपनीचा ठसा नाही म्हणून नाक मुरडू नकोस — महादजी शिंद्यांच्या पदरच्या डी बॉयनच्या पलटणींसाठी आग्र्याच्या कारखान्यात विलायती घडणीच्या बंदुका आपल्याकडेच होत होत्या. तोड्याच्या, म्हणजे जळत्या वातीच्या, देशी बंदुकाही अशाच मागे पडतात. पुण्याच्या केळकर संग्रहालयात त्यांच्यासमोर निवांत उभा राहा.

१०. १८५७ साल ठळक कोरलेलं दिसलं की आधी चहा पी, मग भाव विचार — ते साल खपतं, म्हणून नव्या पट्ट्यांवर सर्रास कोरतात. बोलक्या बंदुका थोड्या, बोलके विक्रेते फार.

११. स्क्रू उघडायचेच असतील तर खाचेत घट्ट बसणारा स्क्रूड्रायव्हर घे आणि पुठ्ठ्यावर चित्र काढून ज्याची जागा त्याला दे — ते हाताने आटे पाडलेले असतात, एकाचा दुसऱ्याला लागत नाही.

१२. पाहुण्यांना घोडा ओढून 'खट्ट' वाजवून दाखवू नकोस — दोनशे वर्षांची कमान तुटली की तशी मिळत नाही. तू दाखवणार, हे मला ठाऊक आहे, म्हणून आधीच सांगतोय.

१३. गंजावर सँडपेपर नको. हलकं तेल लावून रात्रभर ठेव आणि मऊ सुती कापडाने पूस, पुन्हा तेच कर — तांबूस भुकटी निघते, खालचा तपकिरी थर राहतो. तो थर जपायचा.

१४. पावसाळ्यात चामड्याच्या गवसणीत किंवा मखमलीत गुंडाळून ठेवू नकोस — दोन्ही ओल धरतात आणि चामड्यातलं आम्ल लोखंड खातं. भिंतीपासून दूर, हवेशीर कपाटात, हातमोजे घालूनच ठेव.

१५. वहीत दोन रकाने आख, 'पाहिलेलं' आणि 'ऐकलेलं' — "पणजोबा खर्ड्याला लढले" हे मालकाच्याच शब्दांत लिही, पण दुसऱ्या रकान्यात. क्रमांकाची चिठ्ठी चापाच्या कड्याला सुती दोऱ्याने बांध, चिकटपट्टी नको — तिचा गोंद दस्त्याचा जुना रंग उचलून नेतो.